वोर्कितेचा तवा

राजघराण्यात जन्मलेल्या मुलांना आमच्याकडे डोंगरावर कोंडतात. न जाणो, एखाद्याने सिंहासनावर डोळा ठेवला तर? खाली राजा मेला की सरदार वर येतात, सोयीचा वाटेल तो राजपुत्र दोराने खाली नेतात, आणि बाकीचे पुन्हा दाराआड. डोंगर उतरायची दुसरी वाट त्यांना नाही.

वोर्किते त्या डोंगरावर सगळ्यांसाठी इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, भाजायची. उभा जन्म धुरात गेला, पण जिभेची धार काही बोथट झाली नाही. पहारेकरी उशिरा जेवायला आला की म्हणायची, "या सरकार! दोर तर जागचा हलला नाही, मग तुम्ही कुठे हुंदडत होतात?"

तिथेच जन्मलेल्या लेसानू या राजपुत्राला तिनेच अंगावर पाजलं. त्याची आई बाळंतपणात गेली. बापाला सरदारांनी त्याआधीच नगारे वाजवत खाली नेलं होतं. बिचाऱ्याने वर्षभरही राज्य केलं नाही. त्याच सरदारांनी त्याचे डोळे काढले आणि त्याला वर पाठवून दिलं. तो चाचपडत वोर्कितेच्या चुलीपाशी यायचा, ऊब शोधायचा. एका थंडीत तोही संपला.

तेव्हाच तिने मनाशी ठरवलं. अंगात खोट असलेल्या माणसाला आमच्यात मुकुट चढत नाही. लेसानू रांगत होता. एका सकाळी तिने दार लावून घेतलं, तवा तापवला आणि त्याचा उजवा पंजा त्यावर टेकवला. बोटं एकमेकांना चिकटली ती कायमचीच. "पोर तव्यावर पडलं," असं तिने सगळ्यांना सांगितलं. पुढे त्यालाही तेच. जेवण उजव्या हाताने करायचं असतं, म्हणून तीच त्याला घास भरवायची. पुष्कळ रडली, उपास केले, पण आतून निर्धास्त झाली. लेकरू जगणार होतं. तिला दोष द्यायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पोर मोठं झालं. तटाच्या भिंतीवर मांड ठोकून बसायचं, डाव्या हातात लगाम म्हणून दोरीचा तुकडा.

"आई, सपाट रानात घोडा कसा पळत असेल गं?"

"तुझ्या तोंडासारखा. थांबायचं नावच नाही. घास घे."

तो हसायचा. पण एकदा म्हणाला, "खाली एक वर्ष मिळालं तरी पुरे. मग डोळे काढू देत, नाहीतर जीव घेऊ देत. इथलं म्हातारपण नको मला." वोर्कितेचे हात पिठातच राहिले.

आणि राजा मेला. सरदार वर आले. लेसानूने अंगावर पांघरलेल्या शम्म्याच्या पदरात हात लपवला आणि ताठ उभा राहिला. त्याचं बोलणं म्हाताऱ्या सरदाराला आवडलं. "हाच," तो म्हणाला. धर्मगुरूंनी शपथेसाठी क्रूस पुढे केला. तो उजव्या हातातच घ्यायचा असतो. लेसानूने डावा पुढे केला. सरदाराने पदर ओढला.

"अरेरे! बाकी छान होता."

वोर्किते धावत पुढे आली. "धनी, ही जन्माची खोट नाही हो! भाजलंय ते! पोराचा यात काय गुन्हा?"

"म्हातारे, मुकुट कारणं विचारत नाही. बाजूला हो."

त्यांनी त्याच्या चुलतभावाला, बेदिलूला नेलं. त्याला जायचंच नव्हतं. दोराला लटकून रडत होता. लेसानू तटावरून पाहत राहिला, नगाऱ्यांचा आवाज विरेपर्यंत.

मग तो चुलीपाशी येऊन बसला.

"सोन्या," ती म्हणाली, "त्या तव्याचं... मी तुला..."

त्याने त्याच चिकटलेल्या बोटांनी तिचे डोळे पुसले. "रडू नकोस गं आई. तुझा काय दोष? मीच पडलो ना तव्यावर."

मग तिने इंजेऱ्याचा तुकडा तोडला, नेहमीसारखा घास केला आणि त्याच्या तोंडात घातला.