जंगल, नदी आणि गावंडे सर

लग्नाच्या मांडवात कोणी अत्तर घेऊन जवळ आलं, की गावंडे सर दोन्ही हात पाठीमागे बांधून कवायतीतल्या ‘विश्राम’सारखे उभे राहायचे. अत्तर लावणारा ताटकळायचा, सर ढळायचे नाहीत. “वास मारत फिरणारा माणूस कायतरी लपवून राह्यला असते,” हे त्यांचं ठाम मत. दारव्ह्याच्या शाळेत त्यांनी उभी हयात गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर, शेजारी राहण्याच्या गुन्ह्याबद्दल, जगातल्या बाकी सगळ्या विषयांची शिकवणी मला लावली.

देवालाही विनोदबुद्धी असावी. सरांची एकुलती एक मुलगी प्राची इंजिनिअर झाली, पुण्यात चांगल्या नोकरीला लागली आणि एक दिवस ती नोकरी सोडून परफ्यूम बनवायला लागली. सरांनी जाहीर केलं, “अत्तर विकणाऱ्या पोरीच्या दारात मी पाय ठेवणार नाही.” तेवढ्यावर न थांबता त्यांनी तिच्याशी बोलणंही बंद केलं. म्हणजे थेट बोलणं. रोज संध्याकाळी गावंडे काकू अंगणात फोन स्पीकरवर लावायच्या आणि सर बाजेवर बसून, भिंतीकडे पाहत, हुकूम सोडायचे. “तिले विचार, जेवली का.” “तिले सांग, अंधार पडल्यावर गाडी चालवत जाऊ नको.” पलीकडून प्राचीला सगळं स्वच्छ ऐकू यायचं आणि तीही उत्तर काकूंनाच द्यायची. काकूंची तिथे काही गरज नव्हती, पण शिस्त म्हणजे शिस्त.

गेल्या वर्षी संक्रांत झाल्यावर प्राचीने काकूंच्या नावाने एक खोका पाठवला. आत जाड काचेची बाटली. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं: ओलं लाकूड, संथ पाणी, निसर्गातून आलेला गंध. सरांनी चष्मा लावून ते वाचलं, “ठेवून दे तिकडं” म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फिरायला निघाले तेव्हा त्यांच्या आधी त्यांचा वास गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. मी नुसतं पाहिलं.

“चुकून दाबल्या गेलं,” सर म्हणाले.

पुढे महिनाभर ते रोज चुकून दाबल्या जात राहिलं. कधी मनगटावर, कधी कानामागे. मग सर त्यातले जाणकारच झाले. मनगट माझ्या नाकाशी धरून म्हणायचे, “हे सागाचं जंगल. आता थांबा, घाई करू नका. नदी येते मागून.” मी थांबायचो. नदी काही वेळेवर यायची नाही आणि इकडे मी आणायला निघालेलं दूध डेअरीत संपून जायचं. वास मात्र ओळखीचा वाटायचा; कशाचा ते आठवत नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं रफीकभाईंनी. रफीकभाई पंखे-कूलर दुरुस्त करतात. बाजाराच्या दिवशी सर आणि मी कांदे घेत होतो, तेव्हा ते आमच्या शेजारून जाता जाता थबकले, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “क्या बात है सर! आतापासूनच कूलर लावला? ताट्या एकदम नव्या दिसून राह्यल्या.”

माझी ट्यूब पेटली. कूलरच्या नव्या ताट्या, त्यांतला लाकडाचा कीस आणि त्यावर सुटलेलं उन्हाळ्यातलं पहिलं पाणी! आमच्याकडचं शेंबडं पोरही हा वास डोळे मिटून सांगेल. मी हसलो, कांदे तोलणारी बाईही हसली. सरांचा चेहरा लाल झाला. “काहून हसता? जंगल आहे हे! नोकरी सोडून बनवलं माह्या पोरीनं, अन् तुमाले कूलर सुचते!” भर बाजारात आपण पोरीची बाजू घेतली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात चहा घेत होतो. काकूंनी फोन लावला. सरांनी मनगट एकदा हुंगलं. मग भिंतीला म्हणाले, “तिले सांग, लोकं म्हणून राह्यले याले कूलरचा वास येते. धंदा बुडन म्हणा असा.” आवाजात राग नव्हता. पोरीचं हसं होईल, ही भीती होती.

पलीकडून प्राची म्हणाली, “आई, बाबाले सांग, कूलरच आहे तो. ते ताट्या बदलायचे, तवा मी पाइप धरून उभी राहायची ना? पहिली हवा सुटली का मले समोर बसवायचे. ‘आधी माह्या पोरीले लागू दे,’ म्हणायचे. तो वास मले पुण्यात कुठंच भेटला नाही, म्हणून बनवला. आता खोक्यावर कूलर कसं लिहू?”

सर उठले. काकूंच्या हातातून त्यांनी फोन घेतला. स्पीकर बंद करणं त्यांना येत नव्हतं, म्हणून आम्हालाही ऐकावं लागलं.

“पाणी बरोबर जमलं,” ते म्हणाले. आणि मग, “बाबू, जेवली का तू?”

काकू उगाचच चहाचे कप विसळायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः रफीकभाईंच्या दुकानात मनगट घेऊन हजर. “घे, हुंग. कूलरच आहे. ओरिजिनल!”

यंदा मार्चमध्ये सर आणि काकू पुण्याला, प्राचीकडे राहायला गेले. गाडीत सर्वांत आधी चढला तो पत्र्याचा जुना कूलर. मी म्हणालो, “सर, पुण्यात एवढं धूड कोण लावतं?”

“मले नाही लागत. पोरीच्या कामाचा आहे,” म्हणत त्यांनी दोरी स्वतः आवळली. मग खिशातून बाटली काढली. “हात करा पुढे.”

मी हात पुढे केला. मांडवात लावतात तसं त्यांनी माझ्या हाताच्या पाठीवर अत्तर लावलं आणि गाडीत बसले. वळून काही पाहिलं नाही. ऐन उन्हात रिकाम्या अंगणापाशी मी हात नाकाशी धरून उभा होतो. जंगल लगेच आलं. या वेळी मी नदी येईपर्यंत थांबलो.