मागची गाडी

दिघीत एक कुजबुज बरीच वर्षं फिरत होती. हिंदुराव म्हणे दुपारी पावणेदोनला खोलीचं दार लोटून कॉम्प्युटरसमोर बसतात आणि कुण्या गिरजाबाईचं नाव घेतात! शेजारच्या अंबूबाईंनी खिडकीशी पापड वाळत घालताना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या वर्षी त्यांचे पापड वाळायला जरा जास्तच दिवस लागले. हिंदुरावांच्या बायकोच्या, यशोदाबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांना माझं नाव उखाण्यात धड घेता आलं नव्हतं, दुसरीचं कुठलं घेतायत?"

हिंदुराव चाकणच्या एका कंपनीत बसगाड्यांचं बघायचे. कोण कुठल्या स्टॉपवर चढणार, कुठल्या सीटवर बसणार, सगळं त्यांच्या हातात. खिडकीसाठी लोक घरचे आंबे आणून देत. हिंदुराव आंबे खात, आणि सीट ज्याची त्यालाच देत. त्यांचा दोस्त कोंडीराम यानं सीटांच्या यादीचा एक प्रोग्रॅम करून दिला होता. पुढं कंपनी बंद पडली, कोंडीरामही गेला. प्रोग्रॅम तेवढा हिंदुरावांच्या घरच्या कॉम्प्युटरवर राहिला, सी ड्राइव्हमध्ये. तो उघडला की त्यांना डब्यातल्या ठेच्याचा वाससुद्धा यायचा.

यंदा सून विजयश्रीनं ब्लाउजवर भरतकाम करणारं मशीन घेतलं. त्याचं सॉफ्टवेअर ॲप स्टोअरमधून टाकायला गेली, तर ते आपसूक सी ड्राइव्हमध्येच घुसायला बघे, आणि तिथं तर जागाच नव्हती. लग्नसराईच्या ऑर्डरी तोंडावर आलेल्या. दुरुस्तीवाला दिग्विजय म्हणाला, "काका, ते जुनं उडवून टाकू. कोण वापरतंय आता?"

हिंदुराव खुर्चीवरून हललेच नाहीत.

"बरं, मग ते डी ड्राइव्हमध्ये हलवू."

"मागं तूच हलवलं होतंस. उघडलं का रं?"

उघडलं नव्हतं. ते परत जागेवर येईपर्यंत हिंदुराव दोन वेळा जेवले नव्हते.

"मामा, मग माझ्या मशीनचं मी काय करू?" विजयश्री रडकुंडीला आली.

हिंदुराव म्हणाले, "गाडी भरली तर मागची गाडी लावायची, पोरी. बसलेल्याला उठवायचं न्हाई."

दिग्विजय फिसकन हसला. विजयश्री मात्र हसली नाही. तिनं सेटिंग्ज उघडलं, स्टोरेजमध्ये गेली, नवीन ॲप कुठं ठेवायचं ते शोधलं आणि सीच्या जागी डी करून टाकलं. आता नवं येईल ते आपोआप डीमध्येच. सॉफ्टवेअर मुकाट्यानं जाऊन बसलं.

"मी तेच सांगणार होतो," दिग्विजय म्हणाला.

"व्हय, गाडी सुटून गेल्यावर!" हिंदुराव म्हणाले.

संध्याकाळी कापडावर पहिली कोयरी उमटली. दुसऱ्या दिवशी पावणेदोनला हिंदुरावांनी नेहमीसारखं दार लोटलं, आणि अंबूबाई खिडकीशी आल्या.

गिरजाबाई कंपनीच्या कँटीनमध्ये भाकरी करायच्या. बसमध्ये सात नंबरच्या सीटवर बसायच्या. ती गाडी पावणेदोनला सुटायची, म्हणून हिंदुराव अजूनही रोज त्या वेळेला प्रोग्रॅम उघडून तिच्यातली एक्केचाळीस नावं वाचायचे. त्यात बाईचं नाव एकच होतं.