कटरचं ब्लेड आणि उचगावचं रेडियमचं दुकान

रेडियमच्या दुकानात काम करणाऱ्या बाईच्या घरी रेडियमचे तुकडे कुठं कुठं सापडतील, सांगता येत नाही. पदराला, पोळपाटाला, जपमाळेला. एकदा तर नैवेद्याच्या ताटाखाली ‘ठ’च्या पोटातला गोल निघाला! किस्सेही असेच साठतात. आपण काही जमवायला जात नाही, तेच येऊन चिकटतात.

आमचं दुकान उचगावला, हायवेच्या कडेला. नंबर प्लेटी, काचेवरची नावं, देवांची चित्रं, असली कामं. यांनी पंधरा वर्षं ही अक्षरं हातानं कापली, नुसत्या ब्लेडनं. मग उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, औषधानं वाढणार नाही, पण जाणारही नाही. म्हणून नव्वदचं दशक संपता संपता आम्ही मशीन आणलं. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, ते मशीन रेडियमवर कापतं. मी शिकले. हे शिकले नाहीत. मशीनकडे पाठ करून बाकावर बसायचे आणि रस्ता बघायचे.

एक दिवस म्हणाले, “मशीन कापतंय, तू चिकटवतीस. माझं काय काम हितं? दिवाळी झाली की जातो मलकापूरला, भावाच्या शेतावर.”

श्रावण लागला तसे मी सोळा सोमवार धरले.

*

रेडियमच्या मागे कागद असतो. मशीननं वरचं रेडियम कापायचं आणि कागदाला फक्त ओरखडा उठवायचा. ब्लेडचं टोक किती बाहेर ठेवायचं आणि दाब किती द्यायचा, सगळा खेळ एवढ्याचाच.

मशीन आलं त्या पहिल्या दिवशी मी टोकही भरपूर काढलं आणि दाबही भरपूर दिला. म्हटलं, शुभारंभाला कमी पडायला नको! मशीननं रेडियम कापलं, कागद कापला, खालची पट्टीसुद्धा कापली. ‘गणेश कृपा’चा भुगा जमिनीवर.

शेजारचे पंक्चरवाले दत्तूभाऊ आवाज ऐकून आले. त्यांनी भुगा बघितला, मशीन बघितलं.

“वैनी, हे मशीन हाय का कडबाकुट्टी?”

*

दुसऱ्या दिवशी मी घाबरून दाब इतका कमी केला, की अक्षर सोलायला गेलं की फाटूनच हातात यायचं. पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. त्यानं ग्रॅम सांगितले, मिलिमीटर सांगितले. माझ्या डोक्यात काही शिरेना. शेवटी मीच म्हटलं, “दादा, पुरणपोळी लाटताना पुरण वरून दिसावं, पण फुटून बाहेर येऊ नये. तेवढाच जोर ना?”

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

“वहिनी, हे पुस्तकात नाहीये. पण बरोबर आहे!”

पोळी लाटायच्या बेतानं मी दाब एकेक पॉइंट वाढवत गेले आणि पाचव्या खेपेला अक्षर अलगद सुटलं. देवापुढं साखर ठेवली.

महिन्याभरानं त्याच इंजिनिअरचा फोन आला. इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकाला त्यानं हाच हिशेब सांगितला होता.

“मग जमलं का त्यांना?”

“कुठलं! ते म्हणाले, आमच्या मंडळींनाच पोळी जमत न्हाय, मला कुठनं जमणार!”

*

नागपंचमीला आमच्यात कापत नाहीत, चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. दुकान उघडलं, ते तयार माल द्यायला. चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून सकाळीच ब्लेड काढून डबीत ठेवलं.

दुपारी एक ट्रॅक्टरवाला आला. नवी ट्रॉली, नाव आत्ताच्या आत्ता पाहिजे.

“आज कापायचं नाही, दादा.”

“तुम्ही कुठं कापताय? मशीन कापतंय की!”

“बटण मीच दाबणार ना?”

“मग मी दाबतो. उपास माझी बायको करत्या, मी न्हाय!”

आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत त्यानं दाबलंसुद्धा! मशीन डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पाच मिनिटं छान नाचलं. त्यानं रेडियम उचलून उन्हात धरलं. एक ओरखडा नाही!

त्याचा चेहरा उतरला. त्यानं चपला काढल्या, मशीनला हात जोडले आणि मागं न बघता निघाला. मी डबी घेऊन खरं सांगायला बाहेर पळाले, तोवर ट्रॅक्टर फाट्यावर पोचलेला. त्याच्या घरी आता नागपंचमीला दाढीसुद्धा करत नाहीत म्हणे.

*

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. मी मशीनला हार घातला आणि ब्लेडच्या होल्डरवर हळद-कुंकू जरा सढळ हातानं वाहिलं. दसऱ्यानंतर पहिलंच काम काढलं, तर सगळ्या अक्षरांचे कोपरे गोल! टोक आणखी बाहेर काढलं, दाब बदलला, काही फरक नाही. ब्लेड वळणावर फिरायला पाहिजे, ते फिरतच नव्हतं.

तासाभरानं बाकावरून आवाज आला. “आत काय अडकलंय बघ की!”

होल्डर उघडला. आत कुंकवाचा घट्ट गोळा.

हे मान वळवून म्हणाले, “मशीनची वटी भरलीस व्हय?”

कित्येक महिन्यांनी हसले होते. मला कुंकवाचा राग आला नाही.

*

दिवाळी आठ दिवसांवर आली. यांची पिशवी घरी भरून तयार होती.

हुपरीहून एक पैंजणवाले आले. घरातच चांदी घडवणारे. त्यांच्या जुन्या टेम्पोवर यांनी हातानं कापलेलं ‘आईचा आशीर्वाद’ होतं. नव्यावर तसंच हवं होतं. मशीन बघून त्यांनी तोंड वाकडं केलं.

“मशीनचं नको, मालक. हातचंच पायजे. साच्यातलं कुठलं आन् हातचं कुठलं, मला धा फुटावनं कळतंय!”

“माझा हात आता...” हे म्हणाले.

“तुमच्याच हातचं,” असं म्हणून ते दत्तूभाऊंकडं चहाला जाऊन बसले.

यांनी ब्लेड घेतलं. पहिल्याच वेलांटीला घसरलं. दुसरा तुकडा घेतला, तोही गेला. मला बघवेना. मग ब्लेड खाली ठेवून यांनी पेन्सिल उचलली आणि कागदावर अक्षरं काढली. हात हलत होता, तशी रेघही हलत गेली.

“हे घाल कॉम्प्युटरात.”

मी कागद स्कॅन केला. पडद्यावर प्रत्येक काना पाण्यातल्या सावलीसारखा हलत होता. मी हळूच म्हटलं, “सरळ करू का? दोन मिनिटांचं काम आहे.”

“नको. हाय तसंच कापू दे.”

मशीन कापायला लागलं. हे उठून जवळ आले, वाकून बघितलं. “दाब कमी कर. वळणावर रेडियम उचलतंय.”

खरंच उचलत होतं. मी कमी केला.

अक्षरं टेम्पोवर यांनीच चिकटवली. पैंजणवाल्यांनी एक डोळा मिटला, अंगठा फिरवला, पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत. मी मनात शंकराचं नाव घेत उभी.

“दत्तूभाऊ, हिकडं या!” ते ओरडले. “ह्याला म्हणत्यात हातचं! रेघ बघा कशी जित्ती हाय. मशीनच्या बापाला जमंल का?”

सोमवार होता, व्रताच्या दिवशी खोटं कसं चालेल? खरं बोलायला मी तोंड उघडलं.

“पावणं,” हेच आधी बोलले, “मागची नंबर प्लेट राहिलीया की! बसा धा मिनिटं.”

मशीनपुढचं स्टूल ओढून बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “अगं, ब्लेड किती भायेर काढायचं म्हणालीस?”