नातीचा बारका विषय

किनवटहून सकाळच्या गाडीत बसले तवा पल्हाद, माझा लेक, खिडकीपाशी उभा राहून पुन्हा पुन्हा बजावत होता की पोरीचा विषय बदलूनच माघारी ये. सोमवारपर्यंतच बदलता येणार होता. माझी नात निकिता नांदेडला शिकती. तिथं एक मोठा विषय असतोय, तिचा इतिहास, आन त्याच्या संगं एक बारका. त्याला मायनर म्हणतेत. संगतीच्या पोरींनी बारका विषय कंप्युटर घेतला. आमचीनं घेतला आदिवासी आन भटक्या लोकांचा अभ्यास. म्हंजी आमचाच. आम्ही बंजारा.

पल्हादचं मला पटलं होतं. हा पल्हाद जलमला उसाच्या फडावर, कोपीत (पाचटाचं खोपट). त्याला झोळीत टाकून मी मोळ्या वाहिल्या. मालक, पल्हादचा बाप, मेला तवाबी टोळी सोडली न्हाई, आगाऊ पैशाची उचल घेतलेली होती. तांड्याच्या भाईर पाय काढायला आमची जिंदगी गेली. आता ही शिकून पुन्हा तांड्यातच चालली का, असं वाटायचं.

भोकर गेलं तसं सागाचं रान मागं पडलं. मुदखेडला फुलांच्या पाट्या डब्यात चढल्या आन पाय ठेवायला जागा राहिली न्हाई. मी पाटीवर पाय दिला म्हणून एक बाई लई बोलली. बरोबर होतं तिचं.

नांदेडला निकिता घ्यायला आलती. तिनं मला गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं. तिथं दोन्ही हात पसरल्याबिगर रोटी देत न्हाईत. मी सवयीनं एकच हात पुढं केला, तर वाढणारा बाबा तसाच उभा राहिला, हसत. डाळ लई चांगली होती. जेवताना मी विषय काढला. पोरीनं सारं ऐकून घेतलं. मंग म्हणली, "दादी, बापूचं मी ऐकणार न्हाई. तुझं ऐकीन. पर उद्या लातूरला आमचा वर्ग चाललाय, तिथं मला बोलायचंय. ते बघ. मंग तू बदल म्हणलीस तर बदलीन."

सकाळी लातूरची यष्टी धरली. लोह्याच्या पुढं काळं रान, हरभरा निघालेला, मोकळंच. अहमदपूरला उतरून भजे खाल्ले, तिथंच माझ्या चपलीचा अंगठा तुटला. चिंधी बांधून घेतली. यष्टीत शेजारी एक बाई बसलती, तिचा नातू लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला. तिनं इचारलं, तुमची नात कशाचा अभ्यास करून राहिली?

"आमचाच," मी म्हणले.

"आगं बाई. त्याला लातूरला कामून जायाचं? घरी बसून होत न्हाई का?"

सारे हसले. मीबी हसले. निकिता खिडकीकडं तोंड करून बसली, लातूर येईपर्यंत.

लातूरच्या कॉलेजात मोठी खोली होती, पंखे, खुर्च्या. त्यांच्या मॅडम उदगीरकडच्या, बोलण्याला कानडी हेल. मला पुढं बसवलं. आधी हिमायतनगरकडचा एक पोरगा बोलला. मंग आमची उठली. ती ढावलो म्हणून दाखवणार होती. नवरी सासरी निघाली की आई, चुलती, मैतरणी, एकेकीच्या गळ्यात पडून रडत रडत जे म्हणती ते ढावलो. आता तांड्यात डीजे आला, पोरींना ते येत न्हाई. ही मोबाईलवर ऐकून शिकली.

टेबलापाशी ताठ उभी राहून तिनं सुरू केलं. सूर बरोबर, शब्द बरोबर. पर मधीच आवाज अडकला. पुन्हा धरला, पुन्हा अडकला. मागं कुणीतरी खुसखुसलं. मॅडम म्हणल्या, पाणी घे. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, बरं झालं, आपोआप सुटल तिचा नाद. आन तरी मी उठलेच.

"असं हवेत न्हाई म्हणता येत," म्हणले. "गळा लागतोय त्याला. ये."

तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, खांद्यावर डोकं ठेवलं, आन आवाज निघाला. ढावल्यात जिच्या गळ्यात पडली तिचं सारं आठवून सांगायचं असतंय. हिनं माझं सांगितलं. फड सांगितला, कोपी सांगितली. तुझ्या मोळीवर मी शिकले, म्हणली. हे मोबाईलवरचं नव्हतं. मी रडले न्हाई. पाठीवरून हात फिरवत राहिले, तसाच फिरवायचा असतो.

मॅडमनी हळूच इचारलं, "आज्जी, ह्याच्यानंतर काय करतात?"

"वाटं लावतेत पोरीला," म्हणले. "गळ्यात ढावलो घेतला की मंग तिला माघारी बोलवायचं नसतंय."

बोलून खाली बसले, आन मंग ध्यानात आलं मी काय बोलले ते. निकिता माझ्याकडंच बघत होती. तिलाबी कळलं होतं. नांदेडला येऊन तिनं मला किनवटच्या गाडीत बसवून दिलं.

माघारी येताना गाडीत एकटीच होते. मी लई मुलूख हिंडले, बेळगावापर्यंत. पर कुठंबी कुणी, तुमच्यात पुढं काय करतेत, असं इचारलं नव्हतं. ऊस किती तोडशील, एवढंच इचारायचे.

किनवटला पल्हाद मोटारसायकल घेऊन उभा. उतरल्या उतरल्या म्हणला, "बदलला का?"

"न्हाई."

"कामून?"

"मी तिचा ढावलो घेतला. गळ्यात."

पल्हाद तांड्यातलाच हाय. त्याला आणखी सांगावं लागलं न्हाई. पिशवी हँडलला अडकवून तो लई येळ किक मारत राहिला, गाडी चालू झाली तरी. मंग माझ्याकडं न बघताच म्हणला, "याडी (आई), बरोबर म्हणली का पोरगी?"

"आधी न्हाई," म्हणले. "मंग म्हणली."