सड्यावरचं उधाण

रत्नागिरीतल्या एका प्राध्यापकाने माझ्या सुपरवायझरला फसवलं. त्याचा प्रबंध स्वतःच्या नावावर खपवला आणि वर त्यालाच चोर ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी "नक्की झालं काय?" असं विचारायला नको.

आता माझा हा सुपरवायझर माणूस कसा, ते सांगतो. कुठलंही काम दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, आधी बंद कधी ते सांगा. सुरू कधी ते मी मग सांगतो." गणपतीत गवंडी गावाला जाणार, शिमग्यात पालखीमागे अख्खी गँग गायब होणार, उधाणाच्या भरतीला खाडीकाठचे खड्डे पाण्याने भरणार. हे दिवस तो कॅलेंडरवर आधी काळे करायचा आणि उरलेल्या पांढऱ्यात काम बसवायचा. बाकीचे सुपरवायझर उलटं करतात आणि ऐन शिमग्यात तोंड पाडून माझ्यासमोर उभे राहतात. तुमच्याही पाहण्यात असतील असे.

मी डोक्यावर चिरे वाहून ठेकेदार झालो. शिक्षणाचं कौतुक मला कमीच. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर पदवीला प्रवेश घेतोय, रविवारी वर्ग असतात, म्हणून त्याने रविवारची सुट्टी मागितली. मी अर्धा रविवार देऊ केला.

"चालेल," तो म्हणाला. "सकाळ तुमची, दुपार माझी. पण पाऊस पडला तर अख्खा माझा."

"मेल्या, रत्नागिरीत राहून पावसावर सौदा करतोस?"

"तुमच्याकडेच शिकलो ना, भाऊ."

हरलो. मी सहसा हरत नाही.

अभ्यास त्याच्या अंगात भिनला. सिमेंटवर ताडपत्री टाकायची तरी त्याला आता 'रिस्क' दिसायची. बहिणीच्या लग्नात तर त्याने पंगतींचा चार्ट काढला आणि आचाऱ्याला समजावायला बसला. आचारी म्हणाला, "दादा, ह्यो चार्ट भाताला दाखव. तो वेळेवर शिजला तर मी पण बघतो." मांडव हसला. हाही हसला, पण चार्ट काही खाली ठेवला नाही.

हा सगळा खटाटोप इथेच राहण्यासाठी होता. त्याच्या वाडीतले झाडून सगळे पुरुष मुंबईला. वडीलही तिकडेच राबून संपले. घरी आई एकटी. तिला सोडून जायचं नाही, हा त्याचा हट्ट. इथल्या एका कंपनीने शब्द दिला होता, पदवी आण, मॅनेजर म्हणून घेतो. हाताशी आलेला माणूस जाणार म्हणून मी कुरकुरलो, पण नाटे गावाकडे खाडीकाठी आम्ही बांधत होतो त्या मासळी लिलावाच्या शेडवर प्रबंध लिहायला मीच त्याला परवानगी दिली.

मार्गदर्शक सरांनी त्याच्याकडून सगळी फाइल मागून घेतली. "चुका बघतो," म्हणाले. हा खूश. सर एवढ्या बारकाईने बघतात म्हणून मला कौतुक सांगत होता.

पुढे आम्हा ठेकेदारांसाठी त्याच सरांचं व्याख्यान झालं. आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. सरांनी पडद्यावर 'माझी स्वतःची पद्धत' दाखवली. शहरातल्या एका वसतिगृहाचं नियोजन. बंदचे दिवस आधी काळे केलेले. मी शेजारी पाहिलं. तो पडद्याकडे बघत होता, पापणी न हलवता. आणि मग ती ओळ आली, उधाणामुळे पायाचं काम बंद. वसतिगृह कुठे? वर सड्यावर, नुसत्या कातळात! समुद्र बघायचा तर तिथून रिक्षा करावी लागते.

मी उभा राहिलो. "सर, सड्यावर उधाण कुठून येतं?"

हॉल खदखदून हसला. सर म्हणाले, "ते उदाहरणादाखल आहे." मी पुढे बोलणार तोच त्याने माझी बाही ओढली.

"भाऊ, बसा. माझी तोंडी परीक्षा राहिलीय."

तोंडी परीक्षेत समितीने त्याला सांगितलं, ही मांडणी सरांनी आधीच जाहीर केली आहे, तुझी त्यावरून उचललेली आहे. प्रबंध नाकारला. सर तिथेच बसले होते. चहा पीत होते.

लोक म्हणतात, भर सभेत मी तोंड उघडलं म्हणून त्याचं गेलं. साफ खोटं! चोराला हटकलं म्हणून चोरी झाली, असं कधी असतं का?

मी विभागप्रमुखांकडे गेलो. "गैरसमज झालाय," ते म्हणाले. "त्याला दुसरा विषय घेऊ दे, आम्ही सांभाळून घेऊ." आयुष्यभर मी भाव पाडत आलो, पण असला भाव मला कुणी सांगितला नव्हता. ज्याचं गेलं त्यानेच परत कमवायचं!

कंपनी थांबली नाही. तो मुंबईला गेला. निघताना एस.टी. स्टँडवर मी त्याच्यावरच ओरडलो, लढत का नाहीस म्हणून. तो म्हणाला, "आईचं औषध संपत आलं की फोन करेल ती. तेवढं बघाल ना, भाऊ?" गाडी सुटली. मी वडापावच्या गाडीवाल्याशी विनाकारण भांडलो.

आता विभागप्रमुखांना सांगतो. त्याला बोलवा, सरांनाही बोलवा. समितीपुढे दोघांना समोरासमोर बसवा आणि त्या नियोजनातला एकेक बंद दिवस का बंद आहे, ते दोघांना विचारा. त्याला मुंबईहून मी घेऊन येतो. सरांना कोण आणणार, ते तुम्ही सांगा.