रईसाबींची चिलटं

रईसाला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. शहरात क्रांती चौकामागच्या छोट्या प्रयोगशाळेत ती एकवीस वर्षं किडे पाळत होती. ज्वारीच्या भरड्यात पतंग पोसायचे, त्यांची अंडी कार्डावर चिकटवायची आणि त्यांवर खसखशीहून बारीक गांधीलमाश्या सोडायच्या. माशी त्या अंड्यांत आपली अंडी घालते. कार्ड काळं पडतं, आठवडाभरात नव्या माश्या निघतात. तेच कार्ड पिकात टाचलं की या माश्या किडीची अंडी हुडकून संपवतात. अळी जन्मतच नाही. गावाकडं त्यांना चिलटंच म्हणत.

शनिवारी रात्रभर वीज नव्हती. रविवारी सकाळी फ्रीज उघडला तर आतलं सगळं कोमट. देवगाव रंगारीच्या द्वारकाबाईंच्या कपाशीसाठी, माश्या लवकर निघू नयेत म्हणून गार ठेवलेली कार्डं सोमवारी न्यायची होती. रईसानं भिंग लावून कार्डं पाहिली. माश्या दुपारपर्यंतच बाहेर पडणार होत्या.

डबा छातीशी धरून तिनं एसटी पकडली. वाटेत चारदा झाकण उघडून पाहिलं. गडबडीत फोन करायचं मात्र राहिलं.

बांधावर पोचताच औषधाचा उग्र वास आला.

"सकाळीच फवारलं मालकांनी," द्वारकाबाई खाली बघत म्हणाल्या. "तुम्ही उद्या येणार व्हता ना, रईसाबी?"

त्यांचे मालक कडुबा लिंबाखाली पंप धूत होते. "पतंग दिसाया लागले. हात बांधून बसू का?"

या कपाशीत कार्ड लावलं तर एकही माशी जगणार नव्हती. ती शेजारच्या शेताकडं चालू लागली, द्वारकाबाई मागोमाग.

"फवारलं का?"

"व्हय, परवाच," शेजारी म्हणाला.

पुढच्या शेतातही तेच. माश्या निघायला लागल्या; डब्याच्या कडेला काळी धूळ हलू लागली होती. रईसाच्या अंगठ्यावरही चढली.

"सरूबाईची मका हाय," द्वारकाबाईंना आठवलं. "तिच्याकडं पंपच नाय."

सरूबाई खुरपत होत्या. "किडीची अंडी हायेत का तुम्हीच बघा बाई, मला दिसत नाय."

रईसानं पानं उलटून पाहिली. सातव्या ताटाच्या पानामागं खोडकिडीची अंडी सापडली. मग तिघी मिळून घाईनं कार्डं टाचत सुटल्या.

पाचव्या दिवशी ती परत आली. खुणा केलेल्या अंड्यांच्या चाळीस पुंजक्यांपैकी तेवीस काळे पडले होते.

"बाकीचे?" सरूबाईंनी विचारलं.

"त्यातून अळ्या निघतील. आणखी कार्डं आणते."

कडुबाही आले होते. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ पान न्याहाळलं.

"पुढल्या खेपेला आधी फोन करा," ते म्हणाले. "मी फवारायचा थांबतो."

त्यांचा नंबर घेऊन रईसानं तिथंच एक मिस्ड कॉल देऊन पाहिला.