परत आलेलं वाण
तीळ भाजल्याचा खमंग वास आला की मला अजून राग येतो. गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळीची माहिती लोकांना सांगणं ही माझी नोकरीच, म्हणून वाणाच्या प्रत्येक स्टीलच्या डबीत मी त्या गोळीचं पत्रक घडी करून ठेवलं आणि अत्तर लावता लावता बायकांना तसं सांगितलंही. समोरच्या फ्लॅटमधली उठून म्हणाली, "बेन, आमचे नवरे वाघोडियाला कारखान्यात कामाला जातात, शेण खायला नाही!" तिच्यामागोमाग तिळगूळ तसाच टाकून, हातातल्या डब्यांसकट बाकीच्याही निघाल्या. सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर डब्यांचा ढीग पडलेला. सवाष्णीने वाण परत केल्याचं मी कधी ऐकलंही नव्हतं. संतापून मी एकेक डबी उघडून आत आपटत गेले. त्या बायकांना मी आजही माफ केलेलं नाही, पण पत्रक मात्र त्यांच्यातल्या एकीनेही परत केलं नव्हतं.